मेडिचींचं धर्मादाय खातं

अण्णा गेल्यानंतर दुकानाचं कपाट उघडायचं काम माझ्याकडे आलं. भावाला वह्यांचा कंटाळा, आणि मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणजे आकड्यांचं माणूस. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या लांबट वह्या, पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे डाग, वर 'श्री', बाजूला 'शुभ' आणि 'लाभ'. मराठवाड्यातल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अण्णांची अडत होती. रोजकीर्द, खतावणी, कुळांची खाती, हमालांची उचल, सगळं बाळबोध अक्षरात. त्यातच एक खातं होतं: धर्मादाय.

शेतकऱ्याचा माल विकला की त्याला हिशोबपट्टी मिळायची. एकूण रकमेतून हमाली वजा, तोलाई वजा, अडत वजा आणि शेकड्यामागे काही पैसे धर्मादाय वजा. मोंढ्यात तेव्हा सगळेच असं कापून घेत. त्या पैशातून पाणपोई चालायची, सप्ताहाला तांदूळ जायचे, शाळेच्या खोलीवर पत्रे पडले. देवळातल्या पंख्यांच्या तिन्ही पात्यांवर अण्णांचं नाव आहे, 'यांजकडून सप्रेम भेट'. लहानपणी कीर्तनाला बसलं की मी पंखा थांबायची वाट बघायची, नाव वाचता यावं म्हणून. तो पंखा नक्की कुणी दिला, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. आणि तो पडायला इटलीतल्या फ्लॉरेन्सचा, पाचशे वर्षांपूर्वीचा एक तरुण सावकार कारणीभूत झाला.

लोरेन्झो दे मेडिची. वडील पिएरो डिसेंबर 1469 मध्ये वारले तेव्हा हा वीस वर्षांचा. पुढे त्याने घराण्याविषयी काही टिपणं लिहून ठेवली, त्यात तो सांगतो की जुने हिशोब चाळताना एक मोठा आकडा हाती लागला. 1434 ते 1471 या काळात आपल्या घराण्याने दानधर्म, बांधकामं आणि कर यांवर मिळून 6,63,755 फ्लोरिन खर्च केले. पुष्कळांना वाटेल की यातले थोडे खिशात राहिले असते तर बरं झालं असतं. पण यामुळे आपल्या राज्याला शोभा आली, पैसा सत्कारणी लागला, मला त्याचा आनंदच आहे, असं तो म्हणतो.

फ्लोरिन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचं नाणं. फ्लॉरेन्सने ते 1252 पासून पाडायला घेतलं आणि युरोपभर ते डोळे झाकून स्वीकारलं जाई. नुसतं वजन मोजलं तर 6,63,755 फ्लोरिन म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त सोनं. आकडा वाचून आधी माझेही डोळे दिपले. मग बँकेतली खोड जागी झाली. दानधर्म, बांधकाम आणि कर! तीन वेगळी खाती एकाच बेरजेत? असं व्हाउचर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी फोड करून आणायला परत पाठवलं असतं. कर भरणं हा कधीपासून दानधर्म झाला? पण लोरेन्झोला ती तिन्ही एकाच जातीची वाटली, आणि मेडिची समजून घ्यायला मला तरी त्या बेरजेचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. गावासाठी जे जे दिलं ते आम्ही दिलं, त्याची फोड मागू नका.

'मेडिची' या शब्दाचा अर्थ वैद्य. आपल्याकडच्या वैद्य आडनावासारखंच. त्यांच्या ढालीवर गोळे असतात, फ्लॉरेन्समध्ये जिकडे मान वळवाल तिकडे ते दिसतात. कुणी म्हणतं त्या औषधाच्या गोळ्या, कुणी म्हणतं नाणी. वैद्यकी केल्याचा पुरावा मात्र नाही. या मंडळींनी केली ती सावकारी.

जोवानी दी बिच्ची याने 1397 मध्ये आपलं बस्तान रोमहून फ्लॉरेन्सला हलवलं, ते पेढीचं जन्मवर्ष. रोमची शाखा चालूच राहिली आणि तीच सर्वांत दुभती. कारण रोममध्ये पोप, आणि पोपकडे सगळ्या ख्रिस्ती जगातून पैसा येणार. आता गंमत बघा. त्याच पोपच्या धर्मात व्याज घेणं हे पाप. थोडं व्याज, जास्त व्याज असा भेद नाही, मुद्दलाच्या वर एक कवडी घेतली तरी पाप. उघड सावकाराने मरण्याआधी घेतलेलं व्याज परत केलं नाही तर त्याला धर्माप्रमाणे मूठमाती मिळायची पंचाईत. तरीही फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांत हिरव्या कापडाची टेबलं मांडून पेढीवाले बसलेले.

तोड होती हुंडीची. आमच्या घरात हा शब्द नुसता काढला तरी अण्णा तासभर बोलत. फ्लॉरेन्समध्ये व्यापाऱ्याला फ्लोरिन द्यायचे, त्याच्याकडून लंडनची हुंडी लिहून घ्यायची. ती तीन महिन्यांनी तिथे वटणार, तिथल्या चलनात. मग तोच पैसा उलट्या हुंडीने फ्लॉरेन्सला परत आणायचा, आणखी तीन महिने. दोन गावांतले चलनाचे भाव असे असत की सहा महिन्यांनी सावकाराच्या पदरात बहुधा मुद्दलापेक्षा जास्त पडे. भाव फिरला तर कधी तोटाही. तोट्याची शक्यता आहे म्हणजे हे कर्ज नाही, ही नाण्यांची अदलाबदल, असा धर्मपंडितांचा निर्वाळा. पोपच्या दरबारातले जे कार्डिनल पेढीत ठेवी ठेवत त्यांनाही व्याज देता येत नसे, म्हणून पेढी त्यांना वर्षाकाठी खुशीने काही भेट देई. ठेवीदार नवसासारखी वाट बघत असतील त्या खुशीची. वाचताना मला हसू येत होतं, पण पेढीवाल्यांना ते हसण्यावारी नेता येत नसावं. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचा व्यापारी दातीनी आपल्या वह्यांवर लिहीत असे, 'देवाच्या नावे आणि नफ्याच्या नावे'. आमचं शुभ-लाभ याहून वेगळं काय आहे? शुभ आधी, लाभ नंतर. पण एकाच ओळीत.

तेराव्या-चौदाव्या शतकापासून फ्लॉरेन्सच्या मोठ्या पेढ्या देवाच्या नावाने सरळ एक खातंच ठेवत. नफा झाला की भागीदारांबरोबर देवाचाही हिस्सा निघे आणि तो गरिबांना जाई. म्हणजे देव भागीदार. हे कळल्यावर मी अण्णांची वही पुन्हा काढून बसले.

जोवानीचा मुलगा कोझिमो, म्हणजे लोरेन्झोचा आजोबा. मला या घराण्यातला हाच माणूस खरा रस घेण्यासारखा वाटतो, लोरेन्झोची प्रसिद्धी मोठी असली तरी. कमी बोलणारा, भपका न करणारा. 1433 मध्ये गावातल्या विरोधी आल्बित्सी घराण्याने त्याला सरकारवाड्याच्या मनोऱ्यातल्या खोलीत कोंडलं. डोकंच जायचं, पण योग्य हात ओले करून तो हद्दपारीवर सुटला आणि वर्षभरात, 1434 मध्ये, गावाने त्याला परत बोलावलं. लोरेन्झोची बेरीज त्या वर्षापासून सुरू होते ती उगाच नाही.

त्यानंतर तीस वर्षं फ्लॉरेन्स कोझिमोच्या मुठीत होतं, आणि कागदावर तो कुणीच नव्हता. हे फार मजेशीर आहे. फ्लॉरेन्स प्रजासत्ताक, दर दोन महिन्यांनी नवे कारभारी, तेही चिठ्ठ्या टाकून. पात्र नागरिकांची नावं कातडी पिशव्यांत आणि त्यातून सोडत. मेडिचींनी सोडत बंद केली नाही. पिशवीत कोणती नावं जातील हे ठरवणारी माणसं आपली ठेवली, बस्स. शिवाय कर थकलेला असेल त्याचं नाव निघूनही बाद होई. अशा वेळी कुणी उदार शेजारी थकबाकी भरून टाकत असेल तर तो शेजारी विसरायचा कसा? दानधर्म आणि कर एकाच बेरजेत कसे बसतात त्याचा उलगडा मला इथे झाला.

स्वतःच्या करांचं काय? 1427 पासून फ्लॉरेन्समध्ये घरटी मालमत्ता जाहीर करण्याची पद्धत आली. कोझिमोने करवाल्यांसाठी केलेले ताळेबंद आणि पेढीचे खरे ताळेबंद जुळत नाहीत. 1950 मध्ये फ्लॉरेन्सच्या दप्तरखान्यात पेढीच्या तीन 'गुप्त वह्या' सापडल्या. 1397 ते 1450 पर्यंतचा खरा नफा, भागीदारांची नावं, भांडवल, सगळं त्यात. मोंढ्यात याला दोन नंबरची वही म्हणतात. कपाटात ती मला सापडली नाही, एवढंच अण्णांविषयी सांगते.

मी फ्लॉरेन्सला गेले ती एका मार्च महिन्यात, भाचीकडे मिलानला आले होते तेव्हा चार दिवसांसाठी. उफिझी या चित्रसंग्रहालयात गर्दीने जीव नकोसा झाला. मला जायचं होतं सान मार्कोला. हा मठ कोझिमोने 1437 नंतर मिकेलोत्सो या वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतला. कोझिमोला जवळून ओळखणारा एक ग्रंथविक्रेता लिहून गेला आहे की पैसा सगळा काही चोख मार्गाने आलेला नाही ही टोचणी कोझिमोला होती. त्याने पोप चौथ्या युजीनला उपाय विचारला. पोप म्हणाले, सान मार्कोसाठी दहा हजार फ्लोरिन खर्च कर. कोझिमोने चाळीस हजारांवर घातले. प्रायश्चित्ताचा दर धर्मगुरूने सांगावा आणि यजमानाने चौपट द्यावा, हा व्यवहार आपल्याला काही अनोळखी नाही.

वरच्या मजल्यावर भिक्षूंच्या कोठड्या आहेत. छोट्या, चुन्याने पांढऱ्या, एकेक खिडकी, आणि प्रत्येक भिंतीवर फ्रा अँजेलिको व त्याच्या हाताखालच्यांनी काढलेलं एकेक भित्तिचित्र. रंग अगदी मोजके. रोज पहाटे उठून एका माणसाने एकट्याने बघायचं चित्र. मी सुमारे चाळीस दारांत थांबले असेन. अशा शांत जागा मी फार कमी पाहिल्या आहेत. कुणाच्या व्याजातून झाल्या हे माहीत असूनही त्या शांतच वाटतात. मला याचा थोडा रागही आला.

ओसरीच्या टोकाला कोझिमोची स्वतःची कोठडी. इतरांना एक खोली, याला दोन, एक खाली, एक चार पायऱ्या चढून. प्रपंचातून सुटून इथे तो ध्यानाला येई. त्याच्या भिंतीवर कुठलं चित्र असावं? पूर्वेकडून आलेले तीन राजे बाळ येशूला नजराणे वाहतात, ते. श्रीमंतांनी देवाला काही दिलं आणि देवाने ते घेतलं, असा बायबलातला हा हुकमी प्रसंग. मेडिचींचा तो जीव की प्राण. घरच्या देवघरातही बेनोत्सो गोत्सोलीकडून त्यांनी 1459 मध्ये तीच मिरवणूक रंगवून घेतली, आणि त्या लवाजम्यात घोड्यावर स्वतःही बसले. सान मार्कोच्या कोठडीत मात्र चित्राच्या मधोमध खाली भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात थडग्यातून वर आलेला, जखमा दाखवणारा ख्रिस्त. राजे वर देत आहेत आणि खाली हा उभा. ध्यानाला बसलेल्या सावकाराची नजर कुठे टेकत असेल?

कोझिमो म्हणत असे अशी आठवण मॅकियाव्हेलीने नोंदवली आहे: देवासाठी कितीही खर्च केला तरी माझ्या वहीत देव कधी देणेकरी निघत नाही. दर वेळी बाकी माझ्याच अंगावर. याला नम्रता म्हणावं की धंदेवाइकाची चिकाटी? मला तरी हे वाक्य बोलताना तो हसला असेल असं वाटतं. 1464 मध्ये तो गेला. सान लोरेन्झोच्या देवळात वेदीसमोर जमिनीवर त्याची खूण आहे, 'राष्ट्रपिता' अशी पदवी कोरलेली. पदवी गावाने दिली.

लोरेन्झोला लोक 'वैभवशाली' म्हणतात. कवी होता, मुत्सद्दी होता, बोत्तिचेल्ली आणि कोवळा मायकेलअँजेलो त्याच्या आसपास वावरले. पण पेढीवाला म्हणून अगदीच सुमार. लंडनच्या शाखेने इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला कर्ज दिलं, वसूल होईना, शाखा बंद. ब्रूजच्या शाखेवर तोम्माझो पोर्तिनारी नावाचा मॅनेजर, त्याला राजेरजवाड्यांत ऊठबस करायची हौस. त्याने बर्गंडीच्या धाडसी चार्ल्सला भरमसाट पैसा दिला आणि चार्ल्स 1477 मध्ये लढाईत मेला. राजाला दिलेलं कर्ज वसूल करायला कोर्ट कुठलं? आमच्या बँकेच्या भाषेत शाखा एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, बुडाली. याच पोर्तिनारीने ह्यूगो व्हान डेर गूसकडून एक भलंमोठं वेदीचित्र करून घेतलं. ते 1483 मध्ये फ्लॉरेन्सला पोचलं. त्यातले राठ हातांचे, दात विरळ असलेले मेंढपाळ बघून तिथले चित्रकार थक्क झाले. आज उफिझीत आहे. मी त्या मेंढपाळांसमोर उभी होते आणि डोक्यात थकीत कर्जाची फाइल. माझ्या नोकरीत असे दोन मॅनेजर पाहिले, त्यांनी चित्र मात्र ठेवलं नाही.

26 एप्रिल 1478 ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात. पात्सी या दुसऱ्या पेढीवाल्या घराण्याने, पोप चौथ्या सिक्स्टसच्या जवळच्या माणसांशी संगनमत करून, मोठ्या देवळात पूजा चालू असताना लोरेन्झो आणि त्याच्या भावावर हल्ला केला. धाकटा जुलियानो एकोणीस वार होऊन पडला, लोरेन्झो मानेवर जखम घेऊन आतल्या खोलीत निसटला. संध्याकाळपर्यंत सरकारवाड्याच्या खिडक्यांतून माणसं लटकत होती, त्यात एक आर्चबिशप. एक मारेकरी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पळाला, सुलतानाने परत पाठवला, 1479 च्या डिसेंबरात तोही लटकला. लिओनार्दो दा विंचीने त्या प्रेताचं रेखाटन केलं आणि शेजारी कपडे लिहून काढले: बदामी टोपी, काळ्या साटिनचं जाकीट, कोल्ह्याच्या लोकरीचं अस्तर लावलेला निळा कोट. जंगम मालाची यादी करावी तसं.

मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. फ्लॉरेन्समध्ये 1425 पासून एक सरकारी हुंडा निधी होता. मुलगी लहान असताना बापाने रक्कम भरायची, ठरावीक वर्षांनी लग्न झालं की वाढलेली रक्कम हुंडा म्हणून मिळायची. गावातल्या निम्म्याशिम्म्या आयाबापांची झोप त्या निधीवर अवलंबून असावी. लोरेन्झोच्या काळात तो निधी डबघाईला आला. जावयांना पूर्ण रक्कम मिळेना, थोडी रोख आणि बाकीची पुढे कधीतरी. सरकारी पैसा लोरेन्झोने घरच्या पेढीकडे वळवला हा ठपका तेव्हापासून त्याच्यावर आहे. खजिन्यातून त्याला मोठ्या रकमा मिळाल्याची नोंद घराणं हाकलल्यावर त्याच्या विरोधकांनी पुढे आणली. पोरींच्या लग्नाचा पैसा! मोंढ्यात मागच्या पिढीत एक पेढी बुडाली तेव्हा माझ्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. बोत्तिचेल्लीचं 'वसंत' बघताना त्या नाचणाऱ्या पोरींकडे मला सरळ बघता आलं नाही.

लोरेन्झो 1492 मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. दोन वर्षांत मुलाला फ्लॉरेन्स सोडून पळावं लागलं आणि पेढी मिटली. गावाला पश्चात्तापाचे धडे देणारा साव्होनारोला सान मार्कोचाच मठाधिपती, कोझिमोच्या पैशाने बांधलेल्या मठातला! पुढचं सगळं मला जरा कंटाळवाणं वाटतं. घराण्यातून पोप झाले, 1532 मध्ये ड्यूकपद आलं, 1569 मध्ये ग्रँड ड्यूक. खऱ्या अर्थाने सरदार-राजे झाले तेव्हा पेढी नव्हती. वही सुटली आणि मुकुट आला.

एक गोष्ट मात्र आपल्या दारातली आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो चौथरा मेडिचींचा. ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो अतिशय धार्मिक. झेवियरच्याच पंथाच्या जेझुइट पाद्र्यांनी त्याला संताच्या डोक्याखालची उशी भेट पाठवली. परतभेट म्हणून त्याने फोजिनी या शिल्पकाराकडून रंगीत दगडांचा, ब्राँझच्या चित्रपट्ट्यांचा हा चौथरा करवून घेतला. तो खोक्यांतून समुद्रमार्गे आला आणि जोडायला रांपोनी नावाचा फ्लॉरेन्सचा माणूस बरोबर आला. 1698 मध्ये काम पुरं झालं. तेव्हा तस्कनीत, म्हणजे ड्यूकच्या स्वतःच्या राज्यात, शेतं ओस पडत होती आणि रयत करांनी पिचली होती. मी सातवीत असताना आम्ही एसटीने गोव्याला गेलो होतो. गाइडने ही कथा सांगितल्यावर अण्णा बराच वेळ दगडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उशी जमा, चौथरा नावे. सौदा वाईट नाही." आई त्यांच्यावर डोळे वटारून पुढे गेली.

वंशातली शेवटची आन्ना मारिया लुईझा. भाऊ 1737 मध्ये निपुत्रिक वारला, तस्कनी परक्या राजघराण्याकडे जाणार हे युरोपातल्या मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं. तिच्या हातात उरलं होतं सामान: चित्रं, पुतळे, पुस्तकं, जडजवाहीर. ते सगळं तिने करार करून नव्या राजवटीला दिलं, एका अटीवर. यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही. कारणंही लिहिली: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी माणसांचं कुतूहल वाढावं म्हणून. लोरेन्झोने शोभाच लिहिली होती. लोक या बाईच्या कागदावर आले, आणि त्यांच्या मागोमाग मी, छत्री घेऊन रांगेत उभी.

परत आल्यावर अण्णांची धर्मादाय खतावणी मी शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर शिल्लक आहे, रुपये 1,846 आणि पन्नास पैसे. खाली सही नाही. खर्ची पडायची राहिलेली ती रक्कम. मागच्या पानांवर ती कुणाकुणाच्या पट्टीतून आली ती नावं गावांसकट आहेत, ओळीखाली ओळ, काहींच्या नावापुढे फक्त 'धाकटा' किंवा 'मळेवाला'.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, देवळातला मधला पंखा बंद पडलाय, त्याच पैशात थोडी भर घालून नवा बसवू.

"पात्यांवर नाव कुणाचं टाकायचं?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "पेंटर विचारेलच," म्हणाला.